तीन ट्रक ज्वारीतला एक खडा

चला, हिशेबाला बसू या. पाटी जरा मोठीच घ्या.

रोब्लॉक्स. पोरांचं ऑनलाइन खेळांचं मैदान. घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर हे नाव कानावरून गेलं असेलच. २०२५च्या एप्रिल ते जून या तिमाहीत तिथे रोज सरासरी ११ कोटी १८ लाख खेळाडू येत होते. २०११च्या जनगणनेत आपला अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा भरला होता! म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, पाळण्यातल्या तान्ह्यासकट सगळा महाराष्ट्र एका मैदानावर. आणि रोज! त्यात तिघांमागे एक तरी तेरा वर्षांच्या आतला.

बरं, ही मंडळी गप्प थोडीच बसत होती? खेळता खेळता एकमेकांना दिवसाला सुमारे ६१० कोटी निरोप. सेकंदाला सत्तर हजार! वानखेडे स्टेडियम काठोकाठ भरा, शेजारी आणखी एक वानखेडे भरा, आणि प्रत्येक प्रेक्षकाला दर सेकंदाला एक निरोप धाडायला सांगा. तरी थोडे कमीच पडतील.

एकेक निरोप पोस्टकार्डावर लिहून कार्डाला कार्ड लावत गेलो तर? साडेआठ लाख किलोमीटर! मुंबई-पुणे साडेपाच हजार वेळा. चंद्रावर जाऊन परत आलो तरी गठ्ठा शिल्लक. आणि हे एका दिवसाचं टपाल.

यात कुणी पोरांना जाळ्यात ओढत नाही ना, हे वाचून बघणार कोण? बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ला. त्या सकाळी कुणी वाचायला बसला असता, सेकंदाला एक निरोप, ना झोप ना जेवण, तर २०२५च्या उन्हाळ्यात त्याचे एका दिवसाचे निरोप वाचून संपले असते.

म्हणून चाळण यंत्राच्या हाती. ती कशी चालते ते जाणकार जाणोत. सुटं वाक्य न बघता ती मिनिटभराच्या गप्पा एकत्र बघते म्हणे, कारण नुसत्या ‘कुठे राहतेस?’मध्ये वावगं काय दिसणार? कंपनी सांगते, २०२५च्या पहिल्या सहा महिन्यांत या चाळणीच्या मदतीने मुलांच्या शोषणाच्या संशयाचे सुमारे १,२०० अहवाल अमेरिकेतल्या बालसुरक्षा केंद्राकडे गेले. सहा महिन्यांचे निरोप किती? लाख कोटींच्या वर! एका अहवालामागे ९२ कोटी. निरोप म्हणजे ज्वारीचा दाणा धरा. ९२ कोटी दाणे, सत्तावीस टन, दहाटनी जवळजवळ तीन ट्रक. एवढ्या ज्वारीत एक खडा शोधायचा, आणि तोही हुबेहूब दाण्यासारखा! न सापडलेले खडे तर या हिशेबात नाहीतच.

आता उलटा भागाकार. ६१० कोटी भागिले ११ कोटी १८ लाख. एका खेळाडूच्या वाट्याला दिवसाला येतात जेमतेम पंचावन्न. मी दोनदा करून पाहिलं, पंचावन्नच. पोराला खेटून बसलात तर गॅसवरचं दूध वर यायच्या आत वाचून होतात.