थेंबांचें माहात्म्य आणि परसांतील पालक

गेल्या हिवाळ्यांत आमची धाकटी सून गर्भवती असतां तपासणींत तिच्या अंगांत रक्त कमी आढळलें. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. परंतु त्याच सुमारास एका स्नेह्यांनीं होमिओपॅथिक औषधाची कुपी आणून दिली होती. हे थेंब पाण्यांत घालून भाजीस शिंपावे, म्हणजे तींतील लोह वाढतें, असें त्यांचें सांगणें. "घरचा औषधी पालक असतां गोळ्या कशाला?" असें आमच्या सौ. म्हणाल्या, आम्हीही मान डोलावली, आणि गोळ्या पंधरा दिवस फडताळांत पडून राहिल्या.

सुदैवानें आमची मास्तरकीची खोड गेली नव्हती. पालकाचे वाफे दोन होते. बीं, माती व शेणखत एकच. एका वाफ्यास थेंबांचें पाणी, दुसऱ्यास साधें. पुढें दोन्हींच्या जुड्या ताटांत ठेविल्या, तेव्हां घरांतील एकासही भेद ओळखतां आला नाहीं. पोषण डोळ्यांस दिसत नाहीं, हें खरें. म्हणून आम्ही पाटी घेतली.

कुपीवर '30 सी' असें होतें. सॅम्युएल हानेमान (1755–1843) यांच्या पद्धतींत मूळ अर्काचा एक भाग नव्याण्णव भाग द्रवांत मिसळावयाचा, त्यांतील एक भाग पुन्हां तसाच, असें तीस वेळां. एकावर साठ शून्यें मांडावीं इतकें तें विरल होतें. बाराव्या पायरीपुढें मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याचा संभव फारसा नाहीं. मग लोह यावें कोठून?

सेंद्रिय खताची गोष्ट निराळी. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें कंपोस्टाची जी पद्धति बसविली, तिनें मातीचा कस सुधारतो. 2009 सालीं लंडनच्या संशोधकांना सेंद्रिय व इतर पिकांच्या पोषणांत विशेष अंतर दिसलें नाहीं. 2014 सालीं न्यूकॅसलच्या संशोधकांना सेंद्रिय पिकांत पॉलिफेनॉल अधिक व कॅडमियम कमी आढळलें. लाभ आहे, चमत्कार नाहीं.

शंभर ग्रॅम पालकांत लोह सुमारें 3 मिलिग्रॅम, त्यांतलेंही अंगीं थोडेंच लागतें. गर्भवतीस सरकारी योजनेंत मिळणाऱ्या रोजच्या एका गोळींत तें 60 मिलिग्रॅम असतें. हा हिशेब सौ.पुढें ठेवतांच गोळ्या फडताळांतून बाहेर आल्या.

पालक अवश्य लावावा. आधीं धुवून मग चिरावा, वर लिंबू पिळावें, जेवणावर लगेच चहा घेऊं नये. भाजीचें काम भाजी करील. औषधाचें काम मात्र औषधासच करूं द्यावें.