शिबिराला गेलेले पोर

मे महिन्यात आपली मुले मामाच्या गावाला जातात, तशी अमेरिकेत पुष्कळ ख्रिस्ती घरांतील मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चच्या शिबिराला जातात. चाल जुनी आहे. १८८५ साली समनर डडली या वाय.एम.सी.ए.च्या कार्यकर्त्याने न्यूयॉर्क राज्यात सात मुलांना तळ्याकाठी मुक्कामाला नेले. त्याच्या नावाचे शिबिर आजही भरते.

तेथे सकाळी प्रार्थना, दिवसा पोहणे, होडी, खेळ आणि रात्री शेकोटीभोवती भजने असतात. भाताचे रोप गादीवाफ्यातून उपटून चिखलात लावले की चार दिवस मान टाकते, मग मूळ धरते, हे तुम्हांस सांगायला नको. मुलांचेही तसेच. पहिले दोन दिवस आईच्या आठवणीने रडणारे पोर पुढे आपले अंथरूण आपण घालते, ताट घासते, अनोळखी मुलांशी जमवून घेते. हा गुण खरा आहे, आणि घरी बसून तो सहसा येत नाही.

पण शेवटची रात्र पाहा. जागरण झालेले, गाणी चाललेली, सभोवती सारे डोळे पुसत असलेले. अशा वेळी मुलांना पुढे बोलावून येशूला आयुष्य वाहण्याचे वचन घेतात. काहींना त्यातून जन्माची दिशा मिळते. काहींचा भर घरी परतल्यावर पंधरवड्यात ओसरतो, आणि आपणच खोटे ठरलो असे ते मनाला लावून घेतात. नॉर्थ डकोटातील अशाच एका शिबिरावर २००६ साली ‘जीझस कॅम्प’ हा माहितीपट निघाला. हुंदके देणारी लहान मुले पाहून लोक हादरले. शिबिर पुढे बंद पडले. आठ-नऊ वर्षांच्या पोराकडून असे वचन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मग शिबिर कोणत्याही धर्माचे असो.

दुसरी गोष्ट जागेची. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदीला पूर आला आणि काठावरच्या कॅम्प मिस्टिक या ख्रिस्ती शिबिरातील २७ मुली व मार्गदर्शिका दगावल्या. याच नदीने १९८७ साली चर्चच्या शिबिराहून परतणारी १० मुले नेली होती. पूरक्षेत्रात मुलांच्या झोपण्याच्या खोल्या नकोत, असा कायदा झाला तो सप्टेंबर २०२५ मध्ये.

आपल्याकडेही शाळा, मंडळे, देवस्थाने सुट्टीत संस्कार शिबिरे भरवतात. पत्रक हाती आले की फीच्या आधी विचारा: मुले झोपणार कोठे, ओढा किती लांब, रात्री जवळ मोठे माणूस कोण, आणि मधल्याच दिवशी भेटायला आलो तर भेटू द्याल का?