घुमणारी पेटी आणि तिसरी पिन

“आई, यंदा वाढदिवसाला मला ड्रेस नको. त्या पैशांत मी सबवूफर करणार आहे.”

लेकीनं हे जाहीर केलं तेव्हा मी बचत गटाचं रजिस्टर लिहीत बसले होते. ती ‘घेणार’ म्हणाली असेल असंच मला वाटलं. म्हटलं, “बाबांना विचार, ते आणतील.” तर म्हणाली, “आणायचा नाहीये गं. सुटे भाग आणून घरी करायचाय.”

ज्यांना माझ्यासारखंच हे नाव नवं असेल त्यांच्यासाठी सांगते. आपला कान साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या छोट्या स्पीकरला यातला खालचा, म्हणजे खर्जाचा भाग झेपत नाही. पखवाजाची थाप नुसती ‘टक’ अशी येते, तिचा घुमारा हरवतो. तेवढा घुमारा, साधारण शंभर हर्ट्झच्या खालचा, वाजवणारी पेटी म्हणजे सबवूफर. आणि तिच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असला की ती ‘पॉवर्ड’.

लेक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्सची. तरी घरात चर्चा झालीच. भाऊजी म्हणाले, “वहिनी, विकतचा आणून द्या. पोरीला शॉक बसला म्हणजे?” गंमत अशी की, याच भाऊजींच्या मुलानं मागच्या वर्षी घरातला मिक्सर खोलला, तेव्हा त्याला ‘इंजिनिअर’ म्हणून शाबासकी मिळाली होती! मी काही बोलले नाही. पण मनात आलं, आपण गावभर बायकांना सांगत फिरतो, ‘मुलींना पुढे येऊ द्या.’ मग आपल्याच घरात का अडवायचं? फक्त एक अट घातली. ती हे करत असताना मी शेजारी बसणार. मी बी. ए. मराठी. विजेचा गोळा उडाला तर शेजारच्या दादांना हाक मारणारी. माझा उपयोग काय होणार होता, देव जाणे!

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला मी कितीदा गेले असेन. पण तिथून जवळच, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं आहेत हे कधी लक्षातच आलं नव्हतं. दुकानदारानं आमच्या दोघींकडे पाहून विचारलं, “मेकॅनिक बरोबर आहे का?” लेक म्हणाली, “मीच आहे.” त्यानंतर मात्र त्यानं तिच्याशीच बोलून सगळं नीट दिलं. आठ इंची, आठ ओहमचा वूफर. टीडीए ७२९४ नावाच्या आयसीचा बोर्ड. २४-०-२४ व्होल्टचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर. चार डायोड, दोन मोठे कपॅसिटर, आणि फक्त खालचे सूर पुढे सोडणारा एक छोटा फिल्टर बोर्ड. आयसीच्या कागदावर शंभर वॅट लिहिलेले असतात. लेकीच्या हिशोबानं आमच्या जोडणीत खरे पन्नास-साठच मिळणार होते. ती म्हणाली, “आई, बाजारात डब्यांवर हजार हजार वॅट छापतात ना, ते नुसतं छापायला असतं.” घरी येऊन सुताराचे पैसे धरून सगळा हिशोब पाच हजारांच्या आत बसला.

पेटीचं काम माझ्या ओळखीचं निघालं. सुतारानं १८ मिलिमीटरच्या एमडीएफच्या फळ्या कापून दिल्या. आतली जागा ३० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन कळशा पाणी मावेल एवढी. पुढच्या बाजूला वूफरचं भोक आणि त्याखाली तीन इंची पीव्हीसी पाइप आत सोडलेला, लांबी २२ सेंटिमीटर. माझी वीत तंतोतंत तेवढीच आहे! हा पाइप कशाला, तर रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कशी ती घुमते, तसंच हे. पेटीचं पोट आणि पाइपची लांबी यांवर कोणता सूर घुमणार ते ठरतं. म्हणून माप चुकवायचं नाही. आणि फटीतून हवा गळायला नको. फेव्हिकॉल, स्क्रू आणि वर सिलिकॉन लावल्यावर सांधे तपासायला मी देवघरातली उदबत्ती आणली. वूफर बसवून त्याचा पडदा बोटांनी हलकेच दाबत उदबत्ती कडेनं फिरवली. एका कोपऱ्यात धूर थरथरला. तिथे पुन्हा सिलिकॉन भरलं. आतल्या भिंतींना उशीतला कृत्रिम कापूस चिकटवला. हे काम सासूबाईंनी केलं, “एवढं तर मलाही येतं,” असं म्हणत.

सोल्डरिंग बघताना मला लहानपणीचा कल्हईवाला आठवला. तो कथील आणि नवसागर वापरायचा. सोल्डरच्या तारेतही कथील असतं, आत राळ भरलेली असते. पण नेहमीच्या तारेत शिसंही असतं. म्हणून खिडकी उघडी, जागा स्वयंपाकघरापासून लांब आणि काम झालं की साबणानं हात धुवायचे, हा नियम मी केला. आठवडाभरात लेकीनं सोल्डरगन माझ्या हातात दिली. पहिला डाग गोळ्यासारखा जमला. ती म्हणाली, “आधी तार तापव, मग सोल्डर लाव. उलट नाही.” चौथा चमकदार आला. खरं सांगते, पहिली पुरणपोळी न फुटता जमली तेव्हा झाला होता तेवढा आनंद झाला.

आयसी तापतो, म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवतात. पण त्याच्या पाठीला वीज असते. त्यामुळे मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा ठेवावा लागतो. अभ्रक उष्णता पुढे जाऊ देतो, वीज नाही. भस्म करायचं ते अभ्रक मला ठाऊक; त्याचं हे काम आताच कळलं.

आता वीज लावायची. माझ्या पोटात गोळा. लेकीनं थेट प्लग लावला नाही. वायरिंगवाले वापरतात तसा ‘सिरीज’चा दिवा केला, म्हणजे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब मध्ये जोडून त्यातूनच वीज पुढे न्यायची. जोडणी बरोबर असेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्बच पूर्ण पेटतो आणि सामान जळायचं वाचतं. बटण दाबलं. बल्ब लख्ख! आणि लेकीचा चेहरा पडला. दारात उभे राहून भाऊजी म्हणाले, “झालं?”

मी तिला चहा दिला. दोघींनी कागदावरची आकृती घेऊन एकेक भाग पाहिला. मला त्यातलं कळत नव्हतं, पण विणकामाचा नमुना बघून टाके मोजायची सवय कामी आली. मी म्हटलं, “या तिघांची चंदेरी रेघ चित्रातल्यासारखी आहे. याची उलटी का?” चौथा डायोड उलटा लागला होता! तो काढून सुलटा लावला. पुन्हा बटण. बल्ब चमकला आणि मंद झाला. लेकीनं मला मिठीच मारली.

पेटी वाजली. पण सोबत एक ‘घूंऽऽ’ असा आवाज येत राहिला. लेकीनं मागच्या धातूच्या पत्र्याला टेस्टर लावला, तर त्यातला दिवा पेटला. ती म्हणाली, “असं व्हायला नको. पत्रा मी अर्थिंगला जोडलाय. आई, आपल्या प्लगमध्ये अर्थिंग आहे ना?”

मला काय माहीत! तीन भोकं आहेत, म्हणजे असणारच. वायरमनला बोलावलं. त्यानं बल्ब लावून पाहिलं. दोन खालच्या भोकांत बल्ब पेटला. फेज आणि वरचं मोठं भोक यांत जोडला, तर पेटलाच नाही. वरचं भोक नुसतं नावाला होतं. परसात शोधल्यावर समजलं, २०१६ साली न्हाणीघराचं काम काढलं तेव्हा जमिनीतल्या अर्थिंगची तार कुणीतरी तोडली होती. जोडलीच नव्हती.

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला काय आठवलं असेल? आमचं वॉशिंग मशीन. ओल्या हातानं झाकणाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. इतकी वर्षं मी सांगत होते. उत्तर मिळायचं, “स्लीपर घालून लाव,” “ओल्या हातानं लावूच नको.” म्हणून मी प्लॅस्टिकची चटई टाकली आणि गप्प बसले. ‘बाईच्या जातीला भीती जास्त’ असंही ऐकून घेतलं. पण ती भीती नव्हती, ती सूचना होती. मशीनच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जायला वाट शोधत होती आणि वाट म्हणून मीच उभी होते.

वायरमननं अर्थिंगचा खड्डा नव्यानं केला, मीठ-कोळसा भरला आणि मीटरजवळ गळती झाली की वीज बंद करणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. पेटीची ‘घूं’ बरीच उतरली. राहिलेली, आवाजाची तार ट्रान्सफॉर्मरपासून लांब घेतल्यावर गेली. मशीनच्या झिणझिण्याही गेल्या.

पुढच्या गटाच्या बैठकीत मी विचारलं, “कुणाच्या फ्रिजला, मशीनला झिणझिण्या येतात?” अर्ध्याहून जास्त हात वर झाले. प्रत्येकीला घरात स्लीपरच सांगितली गेली होती. आता आमचा वायरमन एकेका घरी जातोय, आणि लेक त्याच्याबरोबर जाऊन शिकतेय.

आणि आमची पेटी? पहिल्यांदा लावली ती पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची ध्वनिफीत. पखवाजाची थाप पडली आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा इथेच बसून वाजवतोय की!” भाऊजींनी दोनदा लावायला सांगितलं. मी मात्र बटणावर नेलपॉलिशची लाल खूण केलीय. त्याच्यापुढे आवाज न्यायचा नाही. खर्जाचा आवाज भिंतीतून शेजारी पोहोचतो आणि शेजारचे आजोबा आजारी असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. डीजेच्या विरोधात निवेदन देणाऱ्या बाईनं घरात तरी ती पाळायला हवी ना!

लेक आता म्हणतेय, पुढचं काम इन्व्हर्टर. मी म्हटलं, “कर. पण यावेळी पहिला डाग मी देणार.”

घरी करायचं झालं तर...

• प्लगच्या तिसऱ्या, जाड आणि लांब पिनला अर्थिंग आहे ना, हे आधी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. ती पिन कापू नका.

• पहिली चाचणी सिरीजच्या दिव्यातूनच घ्या. शेजारी कुणीतरी हवं.

• प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. थांबा, मीटरनं मोजा, मगच हात घाला.

• झिणझिण्या आल्या तर स्लीपर शोधू नका. आधी प्लग काढा, मग वायरमनला बोलवा.