नव्वद अंशांची डुकाटी

दोन सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे एकाच क्रँकशाफ्टवर बसवले, की ते इंजिन व्ही-ट्विन होते. दोहोंमधला कोन किती, यावर पुढचे बरेच काही ठरते. इटलीतल्या बोलोन्याच्या डुकाटी कंपनीत फाबिओ तालिओनी या अभियंत्याने १९७० मध्ये तो ९० अंशांचा ठेवला. स्पोर्ट्स मोटारसायकलीच्या इतिहासात इतका फलदायी निर्णय क्वचितच झाला असेल.

पिस्टन प्रत्येक फेरीत टोकाला जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. या धक्क्यांनीच इंजिन थरथरते. ९० अंशांच्या रचनेत दोन्ही पिस्टनांचे मुख्य धक्के मिळून क्रँकबरोबर फिरणारे एकच बल उरते, आणि क्रँकवरच्या उलट्या वजनाने ते जवळपास पुरते फिटते. वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागत नाही. मात्र पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा येतो, इंजिन लांबते आणि दोन चाकांमधले अंतर आखडणे अवघड होते.

तालिओनींची दुसरी खूण म्हणजे डेस्मोड्रोमिक व्हॉल्व्ह. एरवी कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. फेरे फार वाढले की स्प्रिंग मागे पडते. डेस्मोमध्ये मिटवण्यासाठीही कॅम आणि रॉकर असतात, त्यामुळे व्हॉल्व्ह वेळेवर बसतोच. फटी वारंवार तपासाव्या लागतात, सर्व्हिसिंग महाग पडते. शर्यतीत ते परवडते.

२३ एप्रिल १९७२ रोजी इमोलाच्या २०० मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रूनो स्पाजारी दुसरा आला. दोघेही डुकाटीच्या ७५० वर होते. १९८० च्या दशकात मासिमो बोर्दी यांनी याच रचनेला पाण्याचे कूलिंग, फ्युएल इंजेक्शन आणि सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह दिले. त्यातून ८५१ आली.

१९९४ ची ९१६ मात्र सर्वांत देखणी. मासिमो ताम्बुरीनी यांनी पोलादी नळ्यांची जाळीदार चौकट, मागच्या चाकाला एकाच बाजूचा स्विंगआर्म आणि सीटखाली सायलेन्सर अशी नेटकी मांडणी केली. तिथे एकही रेघ उगाच ओढलेली नाही. ९१६ आणि पुढच्या ९९६ वर कार्ल फोगार्टीने चार जागतिक सुपरबाइक विजेतेपदे मिळवली. त्या काळी नियम दोन सिलिंडरना १००० सीसी देत, चारांना ७५०. ही सवलत मोलाची होती.

२०१८ मध्ये कंपनीच्या मुख्य सुपरबाइकला चार सिलिंडर आले, तेही ९० अंशांतच. पुढे ८९० सीसीच्या नव्या पानिगाले व्ही-२ मध्ये डेस्मो गेला, स्प्रिंगा आल्या. कोन तेवढा तालिओनींचाच राहिला.