शुभाशुभ शकुन आणि शेतकरी

ज्या धंद्यात श्रम करणे आपल्या हाती व फळ येणे आकाशाच्या हाती, त्या धंद्यातील मनुष्य शकुन पाहू लागला तर त्यात नवल ते कसले? बी मातीआड गेल्यापासून रास घरात येईपर्यंत शेतकऱ्याचा जीव टांगणीस लागलेला असतो; अशा वेळी कोठून काही सूचना मिळेल काय, इकडे त्याचे कान लागावेत हे स्वाभाविक आहे. म्हणून शकुन मानणाऱ्यास मूर्ख म्हणून हिणविणे आम्हांस पसंत नाही. परंतु प्रत्येक शकुनामागे काही ना काही खर्च असतो. कधी तो बियाण्याचा असतो, कधी बैलाच्या किमतीचा, आणि कधी तर मनुष्याच्या प्राणाचा. तो कोणाच्या खाती पडतो हे पाहणे हिशेबी शेतकऱ्याचे कर्तव्य आहे.

आमची हयात महसुलाच्या दप्तरात गेली, आणि पीकपाहणीच्या निमित्ताने पुष्कळ गावांच्या शिवारांतून हिंडणे झाले. त्या अनुभवावरून व नंतरच्या वाचनावरून आम्हांस असे वाटते की, शुभाशुभाच्या कल्पनांचे उगम मुख्यतः चार आहेत: निरीक्षण, सादृश्य, योगायोग आणि दुर्बळाच्या माथी दोष मारण्याची सोय. शकुन कोणत्या उगमाचा हे कळले म्हणजे तो ठेवावा की टाकावा, याचा निर्णय आपोआप होतो.

प्रथम निरीक्षणाचा विचार करू. उन्हाळ्याच्या अखेरीस पावशा पक्षी ओरडू लागला की, तो “पेरते व्हा” असे सांगतो, अशी आपली समजूत आहे. पावशास शेतकऱ्याच्या पेरणीची काळजी नसते; तो त्याचा विणीचा काळ असतो व मादीस साद घालण्यासाठी तो ओरडतो. परंतु हा काळ व पावसाचा काळ जवळजवळ असल्यामुळे त्याच्या ओरडण्यावरून ऋतूचा अदमास बांधणे अगदीच चुकीचे नाही. चातक तर मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो, तेव्हा त्याचे दर्शन हीही खरी वर्दीच होय. सूर्याची नक्षत्रेही याच वर्गातील. प्रत्येक सूर्यनक्षत्र १३ ते १४ दिवसांचे असते. मृग हल्ली ७ किंवा ८ जूनला लागतो, आणि मोसमी पाऊस मुंबईस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून धरली जाते. पेरणीचे वेळापत्रक म्हणून मृग, आर्द्रा, पुनर्वसू हा क्रम आपल्या पूर्वजांनी लावला, त्यात शेकडो वर्षांचा अनुभव साठविलेला आहे. मात्र ही नक्षत्रे इंग्रजी तारखांच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, हे ध्यानी असू द्यावे.

नागपंचमीस नांगर धरू नये व जमीन खणू नये, या नियमाचा उगमही बहुधा निरीक्षणातच असावा. श्रावणात बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात, आणि मनुष्याची व त्यांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. ज्या प्राण्याच्या बिळावर त्या दिवशी नांगर घालावयाचा नाही, तो आपल्या धान्याचा राखणदार आहे, एवढे या नियमावरून शिकता येते.

दुसरा उगम सादृश्याचा. एक वस्तू दुसरीसारखी दिसते, म्हणून दुसरीचा गुण पहिलीस चिकटवावयाचा, ही याची रीत. पावसाच्या नक्षत्रांची वाहने याच रीतीने झाली. पंचांगात अमुक नक्षत्राचे वाहन हत्ती, तमुकाचे कोल्हा असे वाचून पेरणी पुढेमागे करणारे शेतकरी आजही आहेत. परंतु ते वाहन ठरते कसे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहावयाचे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येस ९ ने भागावयाचे. बाकी शून्य उरल्यास हत्ती, १ उरल्यास घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस आणि ८ उरल्यास गाढव. बेडूक, म्हैस व हत्ती यांस पाणी प्रिय, म्हणून त्यांच्या वाट्यास भरपूर पाऊस. मेंढा व कोल्हा यांच्या वाट्यास तुटपुंजा. या भागाकारात वारा नाही, ढग नाही, समुद्राची उष्णता नाही.

आणखी असे की, वाहन साऱ्या मुलखास एकच. आमच्या महाराष्ट्रातील एकटा सातारा जिल्हा घेतला तरी महाबळेश्वरी वर्षास सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास. हत्ती दोन्हीकडे सारखाच येतो. पाणी मात्र दहापट कमीजास्त! ज्याने हत्तीच्या भरवशावर कोरड्या मातीत बी टाकले, त्यास दुबार पेरणीचे बियाणे, खत व मजुरी पंचांगकर्ता भरून देत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावाचून पेरू नये, असे कृषी विभाग सांगत असतो. हा सल्ला नीरस खरा, परंतु तो ज्याच्या त्याच्या शिवारात वीतभर खणून पडताळून पाहता येतो.

मांडुळाची गोष्टही सादृश्याचीच. या बिनविषारी सापाचे शेपूट बोथट असून तोंडासारखे दिसते. एवढ्यावरून तो दुतोंडी ठरला, दुतोंडी म्हणून अद्भुत ठरला, आणि अद्भुत म्हणून गुप्तधन दाखविणारा ठरला. भुसभुशीत जमिनीत राहून उंदीर खाणारा हा गरीब प्राणी लाखो रुपयांस विकला जातो, अशा वावड्या उठवून कित्येकांस गंडविले गेले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो पकडणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. म्हणजे धन तर मिळत नाहीच, उलट खटला पदरी पडतो.

तिसरा उगम योगायोगाचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणजे फांदी कावळ्यानेच मोडली असे मनास वाटते. फांदी न तुटता कावळा हजार वेळा बसला, ते कोणी ध्यानात ठेवीत नाही. टिटवी रात्री ओरडली की कोणी तरी मरणार असे म्हणतात. वस्तुतः टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते; कुत्रा, कोल्हा वा माणूस जवळ आला की ती ओरडणारच. पिंगळ्याचेही तसेच. आजाऱ्याच्या घरी रात्रभर दिवा जळतो, दिव्यावर किडे जमतात, आणि किडे खावयास पिंगळा जवळच्या झाडावर येऊन बसतो. पुढे आजारी दगावला तर दोष पाखराच्या माथी. बरा झाला तर पाखराचे नावही कोणी काढीत नाही. जे घुबड आपणांस अभद्र, तेच बंगाल्यात लक्ष्मीचे वाहन म्हणून मान पावते. गव्हाणी घुबड ज्या पडक्या भिंतीत वा झाडाच्या ढोलीत राहते, तिच्याखाली त्याने ओकून टाकलेल्या गोळ्या सापडतात. एक गोळी पाण्यात भिजवून फोडून पाहावी. आत उंदरांची हाडे, कवट्या व केस निघतील. असे पाखरू दगड मारून हाकलणारा शेतकरी आपल्याच कणगीस भोक पाडतो.

बैलबाजारात तर योगायोगाची रोख किंमत मोजली जाते. खांद्याने रुंद, खुराने घट्ट, दाताने तरुण असा बैल केवळ भोवरा किंवा गोम वाईट जागी आहे म्हणून पडत्या भावाने जातो. केस कोणत्या दिशेने वळले याचा ओढण्याच्या शक्तीशी काय संबंध? विकणाऱ्याचे नुकसान मात्र खरे असते, आणि तो बहुधा अडलेला असतो.

याच उगमातून सर्वांत घातक समजूत निघाली आहे, ती म्हणजे मंत्राने सापाचे विष उतरते. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. असे रोगी मंत्राविनाही वाचले असते. पण श्रेय मांत्रिकास मिळते व त्याची कीर्ती दहा गावांत पसरते. मग ज्यास नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचा खरा दंश झाला, तोही देवळाच्या ओट्यावर निजविला जातो व मोलाचा वेळ निघून जातो. यावर सर्पविषप्रतिबंधक लस हाच उपाय आहे, आणि ती रुग्णालयातच टोचता येते. सर्पदंश झालेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे.

चौथा उगम सांगताना लेखणी जड होते. विधवा समोर आली म्हणजे अपशकुन, ही कल्पना निरीक्षणातून निघाली नाही, सादृश्यातून नाही, योगायोगातूनही नाही. जिला उलट उत्तर देण्याची सोय नाही तिच्यावर घरच्या दुःखाचा भार टाकणे सोपे, म्हणून ती निघाली. आम्ही दप्तरात अशा कित्येक नोंदी पाहिल्या आहेत, जेथे पतीच्या पश्चात वारसा लागलेल्या बाईने जमीन राखली, सारा भरला, कर्ज फेडले आणि मुले वाढविली. त्याच बाईने पोळ्यास स्वतःच्या बैलांना ओवाळू नये, मुठीच्या दिवशी पहिली मूठ टाकू नये, असे म्हणणे कोणत्या न्यायात बसते? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे इत्यादी विधवा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. शहरातील सुधारकांनी नव्हे, शेतकऱ्यांच्याच गावाने हे पाऊल प्रथम टाकले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

आता उपाय. वादविवादाने समजुती जात नाहीत असा आमचा अनुभव आहे, नोंदीने जातात. प्रत्येक वाचकाने एक वही घालावी व तीत चार रकाने आखावेत: तारीख, शकुन, त्यावरून काय होईल असे वाटले, आणि प्रत्यक्ष काय झाले. पहिले तीन रकाने त्याच दिवशी भरावेत, मागाहून नव्हे. कारण मागाहून भरलेल्या नोंदीस दप्तरात किंमत नसते. मृगापासून स्वातीपर्यंत ११ नक्षत्रे येतात. प्रत्येकाचे वाहन लिहून त्याच्यासमोर आपल्या महसूल मंडळात पडलेल्या पावसाचा आकडा मांडावा. ज्यांस असे करणे शक्य होईल त्यांनी स्वाती संपल्यावर आपल्या वहीची नक्कल या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावी. निरनिराळ्या गावांच्या नोंदी हाती आल्यास त्यांचा गोषवारा करून देण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. रकाने आखण्याचे काम मात्र मृग लागण्यापूर्वी झाले पाहिजे.