खांब आधी की भिंत आधी?

काँक्रीटचे खांब आणि ठोकळ्यांच्या भिंती असलेली घरे आता खेडोपाडीही दिसतात. रस्त्यावरून पाहणाऱ्यास ती सारी सारखीच वाटतात. तथापि अशा घराची चौकशी करताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की येथे खांब आधी उभे राहिले की भिंत आधी? या एका प्रश्नाच्या उत्तरावर घराची सारी प्रकृती अवलंबून असते.

गोमंतकातील चिऱ्याच्या घरात छपराचा भार भिंतीच वाहत. उलट आपल्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब व तुळया यांचा सांगाडा भार घेई. आजचे बहुतेक बांधकाम या वाड्याच्याच वळणाचे आहे. लाकडाची जागा सळई घातलेल्या काँक्रीटने घेतली एवढेच. काँक्रीट दाबाला बळकट, पण ताणाला दुबळे. ती उणीव पोलाद भरून काढते. १८६७ साली या युक्तीचे एकस्व घेतले ते योसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने, आणि तेही घरासाठी नव्हे, तर झाडांच्या कुंड्यांसाठी!

या पद्धतीत आधी खांब, तुळया व स्लॅब होतात आणि मग मधल्या चौकटी ठोकळ्यांनी भरतात. भिंत येथे भार वाहत नाही, ती स्वतःच भार असते. भरीव ठोकळ्यांची, २०० मिलिमीटर जाडीची आणि तीन मीटर उंचीची भिंत लांबीच्या प्रत्येक मीटरमागे एक टनाहून अधिक वजन तुळईवर टाकते. मग भिंत म्हणजे केवळ पडदा, ती कोठेही घालावी, कोठूनही काढावी, असे कोणी म्हणेल. एरवी ते खपून जाते. पण जमीन हादरली म्हणजे हाच पडदा इमारतीला ताठ ठेवतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळ इमारतींचे तळमजले मोटारींसाठी मोकळे ठेवलेले होते. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खाली नुसते खांब. सारा हेलकावा त्या खांबांवर आला. दुकानासाठी तळमजल्याच्या भिंती पाडू इच्छिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या पद्धतीत भिंत आधी उभी राहते. तिच्या कडा दातेरी ठेवतात आणि कोपऱ्यांत व दारा-खिडक्यांच्या बाजूंना सळया उभ्या करून त्या दातांतच काँक्रीट ओततात. खांब भिंतीला घट्ट कवटाळून बसतो. येथे भार भिंतच वाहते. खांब तिला फुटून विखरू देत नाहीत. चिली देशात १९३९ सालच्या भूकंपात अशी घरे टिकली आणि ही रीत तेथे रूढ झाली. आपल्याकडे गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने आपली वसतिगृहे व निवासस्थाने याच रीतीने बांधली आहेत. एक-दोन मजल्यांच्या घरास ही रीत मला अधिक पसंत आहे; मात्र अशा घरातील भिंत पुढे पाडता येत नाही, हे मालकाने आधीच जाणावे.

पद्धत कोणतीही असो, घात होतो तो बारीकसारीक गोष्टींत. खांबातील उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा पाहा. त्यांची टोके काटकोनात दुमडणे गवंड्यास सोपे जाते. पण धक्क्यासरशी ती उघडतात आणि सळया बाहेर फुगतात. टोके १३५ अंशांत, म्हणजे खांबाच्या गाभ्याकडे वळवलेली हवीत. सांगाड्याच्या घरात तुळईच्या सांध्याजवळ दोन रिंगांतील अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे. काँक्रीट ओतल्यावर यांतील काहीच दिसत नाही. तेव्हा पाहणी आदल्या दिवशी करावी.

पाण्याचेही तसेच. पन्नास किलो सिमेंटच्या पोत्यास पंचवीस-सत्तावीस लिटर पाणी पुरते. माल सहज पसरावा म्हणून आणखी बादलीभर ओतले, की ते जादा पाणी सुकताना आपल्यामागे छिद्रे ठेवून जाते. आणि ओतण्यापूर्वी ज्याचा हात आखडता हवा, त्यानेच ओतल्यानंतर सढळ व्हावे! खांबांना ओली गोणपाटे गुंडाळून किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असल्यास किंवा उन्हाळ्यात दहा ते चौदा दिवस, त्यांना सुकू देऊ नये.

ठोकळ्यांची गोष्ट निराळी. विटा भिजवून लावतात, म्हणून गवंडी सवयीने सिमेंटचे ठोकळेही भिजवतो. ते करू देऊ नये. ओला ठोकळा भिंतीत बसल्यावर आकसतो आणि गिलाव्यावर भेगा उमटतात. ठोकळे चौदा दिवस पाण्यावर ठेवून पुढे चार आठवडे वाळलेले असावेत. त्यांचा चुनाही, म्हणजे हल्लीचा सिमेंट-वाळूचा माल, ठोकळ्याहून कडक नसावा. एकास सहा पुरे. सांगाड्याच्या घरात तुळईखालचा शेवटचा थर तेवढा काही दिवस थांबून, खालची भिंत बसल्यावर भरावा.