मोटारधुलाईतील यत्नाचार

मुनींच्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलताना-ठेवताना, तर उत्सर्ग समिती टाकताना सावधानता सांगते. मोटारधुलाई व पॉलिशच्या व्यवसायात उतरणाऱ्या श्रावकाने रसायने हाताळताना हा बोध आचरावा. १:१० प्रमाण म्हणजे एक लिटर द्रावणात सुमारे ९१ मिलिलिटर रसायन. ते मापानेच घ्यावे. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कदापि घालू नये. चाके उजळवण्याचे आम्लयुक्त द्रव्य ब्लीचमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. शीतपेयाच्या बाटलीत रसायन भरू नये. प्रत्येक बाटलीवर कामगाराला वाचता येईल असे नाव लिहावे. रोजच्या वापराची वही ठेवावी. उरलेले द्रावण गटारात ओतू नये. यात पैसा वाचतोच. त्याहून मोलाचे म्हणजे कामगाराचे डोळे आणि ओढ्यातील जीव वाचतात.